सत्तेचाळिसावं गुणसूत्र आणि बाकीचं आयुष्य

१९८३ साली अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेली जी माणसं मरण पावली, त्यांचं मृत्यूच्या वेळचं मध्यक वय होतं २५ वर्षं. म्हणजे निम्मी माणसं पंचविशी गाठण्याआधीच गेली होती. १९९७ साली हेच वय ४९ झालं. चौदा वर्षांत आयुष्य जवळपास दुप्पट. या काळात डाउन सिंड्रोमवर कोणतंही औषध निघालेलं नव्हतं. ते आजही नाही. जास्तीचं गुणसूत्र पेशीपेशीत होतं तसंच होतं. मग बदललं काय?

उत्तराचा मोठा भाग हृदयाच्या शस्त्रक्रियेत आहे. या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. तो दुरुस्त करण्याचं तंत्र १९७०च्या दशकात हाताशी आलं होतं, पण या मुलांसाठी ते वापरावं का, यावर डॉक्टरच कांकू करत. मुळात मतिमंद, त्याच्यावर एवढा खर्च कशाला, हा विचार कुणी फारसा लपवतही नसे. १९८२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी एक बाळ जन्मलं. त्याला डाउन सिंड्रोम होता आणि अन्ननलिका मध्येच बंद होती. अन्ननलिका जोडण्याची शस्त्रक्रिया तेव्हाही होत असे. आईवडिलांनी ती नाकारली, न्यायालयाने त्यांचा निर्णय उचलून धरला आणि सहाव्या दिवशी बाळ गेलं. ‘बेबी डो’ या नावाने हे प्रकरण देशभर गाजलं. १९८४ मध्ये कायदा बदलला आणि अशा बाळाचे उपचार अडवून धरणं ही बालकाची हेळसांड ठरली. हृदयाच्या शस्त्रक्रिया या मुलांनाही सर्रास मिळू लागल्या, मुलं मोठमोठ्या आश्रमांऐवजी घरी वाढू लागली, आणि आयुष्याची रेघ वर चढली. आज प्रगत देशांत ती साठीच्या आसपास पोहोचली आहे.

पण त्याच अमेरिकी आकडेवारीत आणखी एक ओळ आहे, ती वाचून मी थांबलो होतो. १९९७ साली हे मध्यक वय गोऱ्यांमध्ये ५० होतं, कृष्णवर्णीयांमध्ये २५ आणि इतर वंशांमध्ये ११. गुणसूत्र एकच, देश एकच, साल एकच. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं आयुष्य कसं जाईल हे ठरवण्यात गुणसूत्राचा वाटा आपण धरून चालतो त्याहून कमी असतो, आणि भोवतालच्या माणसांचा बराच जास्त. हे प्रकरण त्या दुसऱ्या वाट्याबद्दल आहे.

तरी गुणसूत्राचं आधी उरकून घेऊ. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, तेवीस जोड्यांत. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन असतात. गुणसूत्रांना क्रमांक दिले गेले ते आकाराने उतरत्या क्रमाने. पण मोजणाऱ्यांची जरा चूक झाली आणि बाविसाव्यापेक्षा एकविसावंच लहान निघालं. ते लहान आहे, त्यावर जनुकं जेमतेम दोन-तीनशे आहेत, म्हणूनच हे बाळ जगतं. मोठ्या गुणसूत्राची जास्तीची प्रत आली तर बहुतेक वेळा गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच पडून जातो. डाउन सिंड्रोममध्ये त्या दोन-तीनशे जनुकांचं काम दीडपट मापाने चालतं आणि त्याचा परिणाम हृदयापासून कानाच्या नळीपर्यंत सगळीकडे थोडाथोडा दिसतो.

तिसरं गुणसूत्र येतं कुठून? दहापैकी सुमारे नऊ वेळा ते स्त्रीबीजातून येतं. मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच तिची सगळी स्त्रीबीजं तयार झालेली असतात आणि विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबून राहतात. कुणी वीस वर्षं, कुणी चाळीस. जितका काळ जास्त, तितकी जोडी नीट न सुटण्याची शक्यता जास्त. विशीच्या सुरुवातीला ती सुमारे दीड हजारात एक असते, पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेत एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. एकूण पाहता सात-आठशे जन्मांमागे एक बाळ डाउन सिंड्रोमचं असतं. भारतातल्या जन्मांचा हिशेब धरला तर वर्षाला पंचवीस-तीस हजार बाळं होतात. आणि गंमत अशी की यातली बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांची असतात, कारण मुळात मुलं त्याच वयात जास्त होतात.

हे सगळं इतकं यांत्रिक आहे की त्यात कुणाचा दोष शोधायला जागाच नाही. तरी आपल्याकडे तो शोधला जातो आणि सुनेपाशी जाऊन थांबतो. ग्रहणात भाजी चिरली होतीस का, सातव्या महिन्यात प्रवास केलास म्हणून झालं, आमच्या घराण्यात असं कुणी नाही. ही वाक्यं शिकलेल्या घरांतही बोलली जातात. ग्रहण, प्रवास, खाणंपिणं, धक्का बसणं यांचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही. जोडी सुटते किंवा सुटत नाही ते गर्भधारणेच्या सुमारासच. सातवा महिना फार दूर असतो.

आणखी एक भीती असते, ती उघड बोलली जात नाही. भाऊ असा आहे म्हटल्यावर ताईचं लग्न जमेल का? पाहुणे यायच्या दिवशी त्याला आत्याकडे पाठवणारी घरं आहेत. या भीतीचं उत्तर एका रक्ततपासणीत मिळतं. शंभरातल्या सुमारे ९५ जणांमध्ये तिसरं गुणसूत्र सुटंच असतं. हा अपघात असतो आणि तो बहिणीच्या पोटी उतरत नाही. तीन-चार जणांमध्ये एकविसाव्याचा तुकडा दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. यातल्या काही घरांत आई किंवा वडील स्वतः ठणठणीत राहून तो पुढे देत असतात, आणि तिथे मात्र भावंडांचीही तपासणी करायला हवी. उरलेल्या एक-दोघांत काही पेशी तीन प्रतींच्या आणि काही नेहमीच्या असतात. म्हणून बाळाची गुणसूत्र तपासणी ‘आता कळून काय करायचं’ म्हणून टाळू नये. तो कागद पुढे वीस-पंचवीस वर्षांनी बहिणीच्या कामाला येतो.

या अवस्थेचं पहिलं नीट वर्णन केलं जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टराने, १८६६ साली. तो सरे परगण्यातल्या अर्ल्सवूड आश्रमाचा वैद्यकीय प्रमुख होता. त्याचं निरीक्षण बारीक होतं, पण उपपत्ती टाकाऊ होती: चेहरेपट्टीवरून त्याने ही मुलं ‘मंगोल’ वंशाकडे परत गेली असं ठरवलं. ते नाव पुढे शंभर वर्षं चाललं आणि मंगोलियाच्या विनंतीवरून १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सोडून दिलं. डाउनच्या मृत्यूनंतर, १९०५ मध्ये, त्याच्याच मुलाच्या घरी डाउन सिंड्रोम असलेला नातू जन्मला. घराण्यात असं कुणी नव्हतंच!

कारण सापडायला १९५८ उजाडावं लागलं. पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयात मार्त गोतिए या तरुण डॉक्टरणीने अमेरिकेत शिकून आलेलं पेशी वाढवण्याचं तंत्र जवळपास रिकाम्या हाताने उभं केलं. पेशींना लागणारा रक्तद्रव ती स्वतःच्या रक्तातून काढी. तिच्या काचपट्ट्यांवर ४७ गुणसूत्रं दिसली, पण छायाचित्रं काढायचं सूक्ष्मदर्शक तिच्याकडे नव्हतं. सहकारी जेरोम लज्यून पट्ट्या घेऊन गेला, आणि जानेवारी १९५९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा पहिलं नाव त्याचं होतं. तिचं नाव दुसरं, तेही चुकीचं छापलेलं. २०१४ मध्ये फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने तिचा वाटा मान्य केला, तेव्हा ती नव्वदीच्या घरात होती.

आता बाळाकडे वळू. जन्मतःच लक्षात येतं ते त्याचं सैलपण. उचललं की हातातून निसटेल असं वाटतं, दूध ओढायला जोर पुरत नाही, पाजायला तासन्‌तास लागतात. डोळे किंचित तिरपे, नाकाचा दांडा बसका, तळहातावर बऱ्याचदा एकच आडवी रेघ. बाळ ‘शांत आहे, रडत नाही’ म्हणून घरचे खूश असतात. हृदयाचा दोष काही वेळा स्टेथोस्कोपला ऐकूही येत नाही. म्हणून नियम असा की आवाज असो वा नसो, पहिल्या महिन्यात टूडी इको करायचाच. हृदयाच्या चारही कप्प्यांच्या मधला भाग उघडा राहिलेला असेल तर शस्त्रक्रियेची योग्य वेळ साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातली असते. ‘जरा अंग धरू दे, मग बघू’ म्हणत दोन-तीन वर्षं गेली की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जास्तीच्या दाबाने जाड आणि कडक होतात. त्यानंतर शस्त्रक्रिया करताच येत नाही. भोक बुजवता येण्याजोगं असतं, मूल मात्र वाचवण्याजोगं राहिलेलं नसतं.

हृदय निदान भीती तरी घालतं. माझ्या मते या माणसांचं जास्त नुकसान करतात त्या साध्या, रोजच्या, बऱ्या होण्याजोग्या गोष्टी. थायरॉइड घ्या. ती ग्रंथी मंदावली की माणूस सुस्तावतो, वजन वाढतं, शौचाला कडक होते, त्वचा कोरडी पडते, शिकलेलं विसरतं. डाउन सिंड्रोम असलेल्यांत हे फार मोठ्या प्रमाणावर आढळतं, आणि हीच सगळी लक्षणं डाउन सिंड्रोमच्या खात्यावर टाकली जातात. ‘ही मुलं अशीच असतात’ या चार शब्दांनी जितकी मुलं मागे ठेवली, तितकी गुणसूत्राने ठेवली नसतील. उपाय म्हणजे रोज सकाळी एक स्वस्त गोळी. तपासणी जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाच्या वाढदिवसाला आणि नंतर दरवर्षी, आयुष्यभर.

कानाचं तसंच. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात. पडद्यामागे चिकट द्रव साचतो आणि सर्दी नसतानाही कमी ऐकू येतं. ज्या वयात बोलणं कानांतून शिकायचं असतं, त्या वयात मुलाला सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू येतं. मग ते बोलत नाही. बोलत नाही म्हणून त्याला समजत नाही असा निष्कर्ष निघतो, आणि समजत नाही म्हणून त्याच्याशी कुणी बोलत नाही. नजरेचंही हेच होतं. कित्येकांना लहानपणापासून चष्मा लागतो आणि काहींना जन्मतः मोतीबिंदू असतो. झोपेत घोरणं, श्वास अडकणं हेही नेहमीचं. रात्रभर नीट न झोपलेलं मूल दिवसा वर्गात पेंगतं, चिडतं, आणि शाळेच्या वहीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. मानेचे पहिले दोन मणके काहींमध्ये सैल असतात. चालण्यात अचानक फरक पडला, मान वाकडी धरली, लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कोलांटउड्या जपूनच. रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण या मुलांत जास्त असतं, पण गाठींचे बहुतेक कर्करोग मात्र इतरांपेक्षा बरेच कमी, आणि एकविसाव्या गुणसूत्रावरची काही जनुकं गाठींना मिळणारा रक्तपुरवठा रोखत असावीत असा संशोधकांचा अंदाज आहे.

आपल्या सरकारने ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू केला तो महाराष्ट्रात, पालघरला. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांच्या तपासणीत ज्या जन्मजात दोषांची नोंद करायची, त्या यादीत डाउन सिंड्रोम स्पष्टपणे आहे, आणि जिल्हा पातळीवर लवकर उपचार देणाऱ्या केंद्रांची तरतूदही आहे. म्हणजे कागदावर वाट आखलेली आहे. गावातल्या आशाताईला बाळाचं सैलपण ओळखता येणं आणि तिने इकोसाठी चिठ्ठी मिळवून देणं, इतक्या साध्या गोष्टीवर त्या वाटेचा उपयोग ठरतो.

जन्माआधीच्या तपासण्यांविषयी बोलायला हवं, कारण आज बहुतेक शहरी जोडप्यांची डाउन सिंड्रोमशी पहिली भेट तिथेच होते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात, त्याच सुमारास डबल मार्करची रक्ततपासणी होते. या दोन्ही तपासण्या फक्त शक्यता सांगतात. ‘दोनशेत एक’ असा अहवाल आला म्हणजे दोनशेपैकी १९९ बाळांना डाउन सिंड्रोम नाही. पण हा कागद हातात घेऊन रात्रभर रडणारी जोडपी कमी नाहीत. आईच्या रक्तात बाळाचे डीएनए तुकडे फिरत असतात हे १९९७ मध्ये डेनिस लो यांनी दाखवलं. त्यावर बेतलेली नवी रक्ततपासणी बरीच अचूक आहे, तरी शेवटचा शब्द गर्भजलाच्या किंवा वारेच्या तपासणीचाच. आपल्याकडे त्या अहवालात लिंगाची गुणसूत्रं दाखवत नाहीत, कारण लिंगनिदानाला कायद्याने बंदी आहे.

२०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या ३७ वर्षांच्या एका स्त्रीने डाउन सिंड्रोम असलेल्या २६ आठवड्यांच्या गर्भाचा गर्भपात करण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली. तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती. आईच्या जिवाला धोका नाही, असा वैद्यकीय मंडळाचा अहवाल आल्यावर न्यायालयाने परवानगी नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ संमती देऊ शकतं. निर्णय त्या जोडप्याचा, आणि तो दोन्ही बाजूंनी कठीण असतो. बाहेरच्याने त्यात नीतिपाठ देऊ नये, असं माझं मत आहे. मात्र समुपदेशनाच्या त्या पंधरा मिनिटांत फक्त आजारांची यादी वाचून दाखवली जात असेल, आणि वीस वर्षांचा असा मुलगा सकाळी उठून काय करतो हे सांगितलंच जात नसेल, तर निर्णय माहितीवर घेतला असं म्हणता येत नाही.

तर तो मुलगा काय करतो? तो उशिरा बसला, साधारण दोन वर्षांच्या आसपास चालला, आणि बोलणं त्याहून मागे राहिलं. कळणं आणि बोलणं यांतलं अंतर हे या मुलांचं खास लक्षण आहे. त्यांना जितकं बोलता येतं त्याच्या कितीतरी पट समजत असतं. जीभ आणि ओठांचे स्नायू सैल, ऐकलेलं थोडा वेळ मनात धरून ठेवायची शक्ती कमी. याउलट पाहिलेलं चांगलं लक्षात राहतं, नक्कल सहज जमते, माणसांची नस पटकन कळते. इंग्लंडमध्ये पोर्ट्‌स्मथच्या मानसशास्त्रज्ञ सू बकली यांनी १९८०च्या दशकात या निरीक्षणाचा उपयोग केला: बोलता यायची वाट न पाहता मुलांना लहान वयातच शब्दपट्ट्या दाखवून वाचायला शिकवलं, आणि वाचता येऊ लागल्यावर बोलणं सुधारलं. आपल्या कित्येक बालवाड्यांत अजून उलटं चालतं. आधी स्पष्ट बोलू दे, मग अक्षरं. त्या ‘आधी’पायी चार-पाच वर्षं वाया जातात.

शाळेबाबत आपल्याकडे दोन जगं आहेत. मुंबईत शिवडीची जय वकील शाळा १९४४ पासून आणि पुण्यातली कामायनी १९६४ पासून अशा मुलांसाठी काम करते आहे. तिथे शिकवायची पद्धत घासूनपुसून तयार झालेली आहे. दुसरीकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सहा ते अठरा वयाच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क देतो. प्रत्यक्षात शेजारची शाळा ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत’ म्हणते, विशेष शाळा तालुक्यात नसते आणि आई नोकरी सोडते. डाउन सिंड्रोमचा परिणाम कुणाकुणावर होतो याचा हिशेब मांडायचा तर त्या सोडलेल्या नोकरीचा पगार आणि पुढचं पेन्शनही त्यात धरायला हवं.

ही मुलं कायम हसरी असतात, निरागस असतात, देवाची माणसं असतात, ही समजूत प्रेमाने पसरवली जाते. तीही एक अडचणच आहे. ती रागावतात, हट्टाला पेटतात, मत्सर करतात, आजोबा गेल्यावर महिनोन्‌महिने दुःखात असतात. तरुणपणी नैराश्य येतं. मूल गप्प झालं, जेवेनासं झालं तर त्याला लाडावलेलं म्हणण्याआधी हे तपासावं. आणि त्यांना तारुण्य येतं. कुणीतरी आवडू लागतं, दार लावून बसावंसं वाटतं. घरचे बावरतात, कारण त्यांच्या लेखी ते अजून बाळच असतं. खासगी अवयव, नकार देणं, अनोळखी स्पर्श याविषयी त्यांना चित्रं दाखवून, पुन्हा पुन्हा, साध्या शब्दांत शिकवावं लागतं. न शिकवण्याची किंमत फार मोठी असते, कारण अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच निघतो. मासिक पाळीचंही तेच. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. कारण दिलं गेलं की त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही. महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि तो प्रकार थांबला. विशेष शाळांतल्या शिक्षिका आज मुलींना पॅड बदलायला शिकवतात. दात घासायला शिकवतात तसंच, टप्प्याटप्प्याने. बहुतेक जणींना जमतं.

पुण्याची गौरी गाडगीळ पोहायला शिकली, स्पेशल ऑलिंपिकमध्ये पदक मिळवून आली, आणि २०१४ मध्ये तिच्याच आयुष्यावर निघालेल्या ‘यलो’ या महेश लिमये यांच्या मराठी चित्रपटात तिने स्वतःची भूमिका केली. राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची विशेष दखल घेतली गेली. अमेरिकेच्या ख्रिस निकिकने २०२० मध्ये आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली. स्पेनमध्ये मार गाल्सेरान २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या प्रादेशिक संसदेत निवडून गेल्या. या कथा सांगाव्यात, पण बेताने. प्रत्येक मुलापुढे पदक टांगून ठेवलं की सुट्टे पैसे मोजता येणं, एकट्याने बसने जाणं, आजीचा चहा करणं यांची किंमत उतरते. आयुष्य याच गोष्टींवर चालतं. लेमन ट्री हॉटेलांत डाउन सिंड्रोम असलेली तरुण मंडळी पाहुण्यांना नाश्ता वाढतात. मुंबईतल्या ओम क्रिएशन्समध्ये विक्रीच्या वस्तू आणि खाद्यपदार्थ करतात. पगार मोठा नसतो. पण महिन्याच्या शेवटी घरात पैसे आणणाऱ्या माणसाला घरचे वेगळ्या सुरात हाक मारतात, हे कुणीही पालक सांगेल.

२०११ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर ब्रायन स्कोट्को यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या २८४ जणांनाच थेट विचारलं. त्यातल्या ९९ टक्क्यांनी आपण आयुष्यात सुखी आहोत असं सांगितलं. ही माणसं पालकांच्या संघटनांतून निवडलेली होती, त्यांचे आईवडील बहुधा जागरूक आणि सुस्थितीतले होते. तेव्हा हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा आणता येणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: त्यांच्याविषयी शंभर वर्षं लिहिलं गेलं आणि त्यांना विचारायचं सुचलं ते इतकं उशिरा.

आयुष्य वाढल्यावर जे आधी दिसत नव्हतं ते दिसू लागलं. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत जे प्रथिन साचतं, ते बनवणारं जनुक एकविसाव्याच गुणसूत्रावर आहे. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर यांनी डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतून ते प्रथिन वेगळं काढलं आणि जनुक याच गुणसूत्रावर सापडेल असं भाकीत केलं. १९८७ मध्ये ते सापडलं. तीन प्रतींमुळे हे साचणं लवकर सुरू होतं. चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत त्या खुणा असतात आणि साठीपर्यंत निम्म्याहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश होतो. अल्झायमरविषयी जगाला जे कळलं त्यातला मोठा भाग या माणसांच्या मेंदूंनी दिला. पण त्या रोगावरच्या नव्या औषधाच्या मोठ्या चाचणीत त्यांनाच घेतलं गेलं नाही. घरात हे ओळखायचं कसं? पंचेचाळिशीचा मुलगा अंघोळीचा क्रम चुकू लागला, ओळखीच्या वाटेवर अडखळला, तर आधी थायरॉइड, कान, डोळे आणि मनःस्थिती तपासून घ्यावी. यातलं काहीही स्मृतिभ्रंशासारखं दिसू शकतं आणि बरं होऊ शकतं.

आणि तोवर आईवडील सत्तरी-ऐंशीला पोहोचलेले असतात. ‘आमच्या माघारी याचं कसं होणार?’ पालकांच्या कोणत्याही बैठकीत बसा, तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतो. पूर्वी मूल आधी जाई, प्रश्नच उद्भवत नसे. आता तो घरोघरी आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा मोठ्या बहिणीच्या किंवा धाकट्या भावाच्या डोक्यावर, तिला-त्याला न विचारता, ठेवून दिलेलं असतं. पुण्याजवळ मारुंजीला नवक्षितिजसारख्या निवासी संस्था आहेत, पण गरजेच्या मानाने अशा जागा फारच थोड्या.

काही कामं मात्र आजच करता येतात आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि एरवी खासगी विमा कंपन्या या मुलांना दारात उभं करायला कांकू करतात. सरकारी नोकरीतल्या आई-वडिलांच्या मागे दिव्यांग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्याचं नाव कार्यालयाच्या दप्तरी आधीच चढलेलं असलं तर पुढची धावपळ वाचते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, पालकत्वाचा आदेश, निवृत्तिवेतनातली नोंद, मृत्युपत्र: हे चार कागद एका फायलीत लावा, ती फाइल कुठे आहे ते भावंडांना सांगा, आणि मुलाला कोणाकडे राहायला आवडेल हे त्यालाही विचारा. हे सगळं आईवडील दोघंही हिंडते-फिरते असताना करा.